घरातला दुरंगी फायकस

पैठण रस्त्यावरच्या चितेगावात आणि आसपास आता बऱ्याच घरांत फायकस दिसतो.
हिरवं पान, पांढरट कडा.
हा आपल्या वड, पिंपळ आणि उंबराचाच भाऊबंद.
पान खुडून पाहा, तसाच पांढरा चीक येतो.

त्याला तीन गोष्टी हव्यात.
उजेड भरपूर, पाणी बेताचं, जागा एकच.

आधी उजेड.
पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं.
म्हणून अन्न तयार करायचं काम हिरव्या भागावरच पडतं.
कुंडी पूर्वेच्या खिडकीशी ठेवा.
सकाळचं कोवळं ऊन चालतं.
आपल्याकडचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन मात्र नको.
पांढऱ्या कडा करपतात.

आता पाणी.
मातीत बोट दोन पेरं घालून पाहा.
माती कोरडी लागली, तरच पाणी द्या.
कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका.
मुळं कुजतात.

तिसरी गोष्ट, जागा.
जागा बदलली, की हे झाड पानं गाळतं.
घाबरू नका.
जास्तीचं पाणी घालू नका.
नवी पालवी येईपर्यंत थांबा.
कूलरचा झोतही थेट लागू देऊ नका.

एखादी फांदी पूर्ण हिरवी फुटली, तर ती बुडापासून छाटा.
ती जोमानं वाढते आणि दुरंगी फांद्यांना मागे टाकते.
छाटताना हातमोजे घाला.
चिकानं कातडीला खाज सुटू शकते.
लहान मुलं आणि जनावरं झाडापासून दूर ठेवा.

तर श्रोतेहो, पुन्हा सांगते.
उजेड भरपूर.
पाणी बेताचं.
जागा एकच.