चांदीचं टायट्रेशन: दर्शक कसा निवडावा?

ग्वाल्हेरच्या दौलतगंजात बोअरचं पाणी मचूळ लागलं, की पहिला संशय क्लोराइडवर जातो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरी सोयच नसेल, तर 1000 पर्यंत चालवून घेतात.

ते मोजण्याची मोर यांची रीत 1856 सालची. पाण्यात दर्शक म्हणून पोटॅशियम क्रोमेट घालून ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडायचं. आधी सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका पडतो. क्लोराइड संपलं की सिल्व्हर क्रोमेटची विटकरी छटा येते. तिथं थांबायचं.

आता गंमत पाहा. सिल्व्हर क्लोराइडचा द्राव्यता गुणाकार साधारण 1.8 × 10⁻¹⁰, तर सिल्व्हर क्रोमेटचा 1.1 × 10⁻¹². विद्यार्थी म्हणतो, क्रोमेटचा आकडा लहान, मग तेच आधी का पडत नाही? कारण त्याच्या एका रेणुसूत्रात चांदीचे दोन आयन आहेत. गुणाकारात चांदीच्या संहतीचा वर्ग येतो. शुद्ध पाण्यात प्रत्यक्षात क्रोमेटच पाचपट जास्त विरघळतं. क्लोराइड नेमकं संपतं तेव्हा द्रावणात चांदी उरते लिटरला 1.3 × 10⁻⁵ मोल. क्रोमेटची संहती 0.005 मोलर ठेवली, तर त्याला पडायला 1.5 × 10⁻⁵ लागते. दोन्ही आकडे जवळजवळ जुळले, म्हणून हा दर्शक विश्वासाचा.

पण दौलतगंजाबाहेर पडून सराफ्यातली चांदी तपासायची, तर हाच दर्शक निरुपयोगी. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवावी लागते आणि आम्लात क्रोमेट आयन शिल्लकच राहत नाही. तिथं फोलहार्ट यांची रीत: थायोसायनेट घालत जायचं, दर्शक फेरिक तुरटी. सगळी चांदी थायोसायनेटबरोबर खाली बसली, की पुढचा थेंब लोहाशी जुळून लाल होतो.

याच रीतीनं उलट्या वाटेनं, म्हणजे जादा सिल्व्हर नायट्रेट घालून उरलेली चांदी थायोसायनेटनं मोजून, क्लोराइड काढायचं, तर मात्र साका आधी गाळून घ्या. सिल्व्हर थायोसायनेटचा गुणाकार सिल्व्हर क्लोराइडच्या शंभरपटीहून लहान आहे. साका तसाच राहिला, तर थायोसायनेट क्लोराइडची चांदी ओढून घेतं, आलेला लाल रंग विरतो आणि क्लोराइडचं उत्तर कमी येतं.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, बाटली उचलण्याआधी कागदावर दोन आकडे मांडा: शेवटाला चांदी किती उरेल, आणि दर्शकाला किती लागेल. मग द्रावणाचा पीएच तपासा. मोर यांच्या रीतीला तो साधारण 7 ते 10 च्या दरम्यान हवा.