सर्व्हर डाऊन आणि आपली बचत

 

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." बँकेत, रेशन दुकानात, अंगठा लावून पैसे काढताना हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. वांबोरीहून नाहीतर बारागाव नांदूरहून राहुरीला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडं. म्हणून हा सर्व्हर असतो कुठे आणि तो बंद पडला तर आपल्या पैशाचं काय होतं, ते आज समजून घेऊ.

पूर्वी आपलं खातं शाखेतल्या जाड वहीत असायचं. आता शाखेत फक्त खिडकी आहे. खरी वही दूर कुठल्या तरी शहरात, मोठ्या संगणकांत असते. त्या संगणकांना म्हणतात सर्व्हर. एक बंद पडला तर दुसऱ्याने लगेच काम उचलावं म्हणून तिथे अनेक सर्व्हर एकत्र जोडलेले असतात. पण त्या इमारतीलाच आग लागली, पुराचं पाणी शिरलं, तर? म्हणून हीच वही दुसऱ्या गावीही ठेवतात. ती जागा शक्यतो भूकंपाच्या वेगळ्या पट्ट्यात निवडतात, म्हणजे एकाच संकटात दोन्ही सापडत नाहीत.

आता दोन वह्या सारख्या कशा ठेवायच्या? जवळच्या जागी प्रत्येक नोंद त्याच क्षणी दोन्हीकडे लिहिता येते. लांबच्या जागी नोंद पोचायला थोडा वेळ लागतो. त्यामुळे काही ठिकाणी एक जवळची आणि एक लांबची, अशा दोन राखीव जागा ठेवतात.

इथे एक मोठी अडचण येते. समजा, दोन्ही जागा चालू आहेत, पण मधली तारच तुटली. दोघींनाही वाटतं, दुसरी बंद पडली, आता कारभार माझ्याकडे. तुमच्या खात्यात पाच हजार आहेत. एकीने पाच हजार दिले, दुसरीनेही दिले, तर हिशेब कसा जुळणार? यावर उपाय म्हणून तिसरी साक्षीदार जागा ठेवतात. तिघींपैकी दोघींचं जमलं तरच कारभार चालतो. एकटी पडलेली आपण होऊन थांबते. ग्रामसभेला कोरम लागतो ना, तसंच. आपल्या अनेक गटांतही तिघींपैकी दोघींच्या सह्या झाल्याशिवाय बँकेतून पैसे निघत नाहीत, ते याच विचाराने.

एवढी तयारी असूनही कधी कधी काम अडतं. २४ फेब्रुवारी २०२१ चा दिवस घ्या. मुंबईचा राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी पावणेबाराच्या सुमारास बंद पडला. बाहेरून येणाऱ्या संपर्काच्या तारांत बिघाड झाला होता. राखीव केंद्र चेन्नईला होतं, तरी कारभार तिकडे हलवला गेला नाही. बाजार पुन्हा सुरू झाला तो दुपारी पावणेचारला.

आपल्याकडे कुणी जुनी मोटर गोठ्यात ठेवते, अडीनडीला होईल म्हणून. वर्षभर ती कुणी चालवून बघत नाही. भर उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळाली की ही बाहेर काढतात आणि ती गंजून जाम झालेली निघते. राखीव वस्तू अधूनमधून चालवून बघितली तरच ती उपयोगाची. आणि ती चालू करायची कधी, हे कुणी ठरवायचं, तेही आधीच पक्कं हवं.

त्या घटनेनंतर सेबीने शेअर बाजारांना नियम घालून दिला: बिघाड झाल्यापासून ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करा आणि त्यापुढच्या ४५ मिनिटांत काम सुरू करा, गरज पडली तर राखीव केंद्रातून. २ मार्च २०२४ ला, शनिवारी, मुद्दाम बाजार उघडून कारभार राखीव केंद्रावर नेऊन बघितला. असा सराव वर्षातून निदान दोनदा करायला रिझर्व्ह बँकेनेही मोठ्या बँकांना सांगितलं आहे.

आता आपल्या कामाचं. सर्व्हर डाऊन म्हटलं की विचारा, "इथलीच लाइन गेली का बँकेचंच काम बंद आहे?" इथलीच गेली असेल तर दुसऱ्या ठिकाणी काम होऊ शकतं.

एटीएममधून पैसे आले नाहीत, पण खात्यातून वजा झाले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते परत जमा व्हायला हवेत. फोनवरून यूपीआयने कुणाला पाठवलेले पैसे पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत. पुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची असते, आणि तीही तुम्ही न मागता. हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. म्हणून चिठ्ठी आणि मेसेज जपून ठेवा. आधी बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

आणि गटाची वही? ती एकाच घरी, एकाच पेटीत असेल, तर घर गळलं की सगळ्यांचा हिशेब भिजला. दर बैठकीत गटाच्या वहीबरोबर प्रत्येकीच्या पासबुकातही नोंद करा. महिन्याला वहीच्या पानांचे फोटो काढून दुसऱ्या घरच्या फोनमध्ये ठेवा. आणि एखाद्या बैठकीला सचिवताईंना नुसतं बसू द्या, हिशेब दुसरीला लिहू द्या. सचिवताई बाळंतपणाला माहेरी गेल्या, तर गट अडून राहायला नको.

येत्या बैठकीत एवढं करून बघा. वही कुणी लिहिली आणि कुठे अडलं, ते आम्हाला जरूर कळवा. रामराम!