रविवारची शाळा

इंग्लंडांतील ग्लॉस्टर शहरीं टाचण्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या मुलांना मोकळा दिवस एकच, रविवार. तोही रस्त्यावर हुंदडण्यांत जाई. वृत्तपत्राचे चालक रॉबर्ट रेक्स यांनीं धर्मगुरु टॉमस स्टॉक यांच्या साह्यानें १७८० सालीं त्याच दिवशीं शाळा भरविली. शिकविणाऱ्या बायांना दर रविवारीं एकेक शिलिंग मिळे. वाचन, धर्मपाठ, मग उपासना, असा क्रम असे. अंगावर धड वस्त्र नाहीं म्हणून मुलें येण्यास लाजत. रेक्स यांची अट एवढीच: तोंड धुवावें, केस विंचरावे, कपडे असतील ते चालतील.

श्रोतेहो, मुलांसाठीं झटूं इच्छिणाऱ्या मंडळीनें प्रथम हें पाहावें. घराची अडचण ओळखल्यावांचून मूल मंदिराच्या दाराशीं येत नाहीं, आणि आलें तरी टिकत नाहीं.