आपल्या घराण्याचे दप्तर



धम्मावर बोलण्यास आपल्यात विद्वान मंडळी पुष्कळ आहेत. मी आज आपल्या घरातील लोखंडी पेटीविषयी बोलणार आहे. विषय आपणांस थोडा कोरडा वाटेल, त्यास इलाज नाही. ही पेटी बहुतेक घरी असते. ती खाटेखाली किंवा माळ्यावर पडलेली असते. तिच्यात जुनी लुगडी, पितळेचे एखादे भांडे आणि सर्वांत खाली सुतळीने बांधलेले कागद असतात. त्यातील कोणता कागद कोणाचा आणि कशाचा, हे घरातील एका वृद्ध माणसासच ठाऊक असते. तो माणूस गेला म्हणजे पेटी राहते, पण तिची वाचा जाते.

दीक्षा घेतलेल्या घरात या कागदांवर आणखी एक संकट येते, आणि ते वाळवीचे नव्हे. देव्हाऱ्यातील देव ज्या दिवशी आपण बाहेर काढितो, त्याच दिवशी मनात येते की ज्या कागदावर ती जुनी जात लिहिली आहे तो कागद तरी घरात कशास हवा? ही ऊर्मी मी समजू शकतो. ज्या शब्दाने आपल्या आजोबास गावच्या पाणवठ्यावरून परत फिरविले, तो शब्द पुन्हा दृष्टीस पडू नये असे कोणास वाटणार नाही? परंतु या ऊर्मीची किंमत काय पडते ते आमच्या घरी आम्ही पाहिले आहे.

माझे चुलते १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरास गेले होते. तेव्हा त्यांचे वय वीस होते. परत आल्यावर त्यांनी आपल्या शाळेच्या दाखल्यावरील जातीचा रकाना काळ्या शाईने संपूर्ण पुसून टाकिला आणि बाजूस ‘बौद्ध’ असे लिहिले. त्या कृत्याचा त्यांना पुढे कित्येक वर्षे अभिमान होता, आणि तो का नसावा! १९९१ साली त्यांच्या कन्येने केंद्र सरकारच्या नोकरीसाठी अर्ज केला, तेव्हा पित्याची मूळ जात सिद्ध करा असे तिला सांगण्यात आले. तिने तोच दाखला पुढे केला. खाडाखोड केलेला कागद म्हणून कचेरीने तो परत केला, आणि इतकेच नव्हे तर खाडाखोड कोणी व कोणत्या हेतूने केली असा उलट प्रश्न तिला विचारला. धर्मांतराच्या आनंदात केलेली गोष्ट कचेरीच्या टेबलावर लबाडी ठरली. सुदैवाने गावच्या शाळेचे १९४३ चे प्रवेश रजिस्टर शिल्लक होते. कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, पण चुलत्यांच्या नावाची ओळ वाचली होती. तिचा उतारा मिळाला आणि काम झाले. ती ओळ दोन बोटे खाली असती तर काय झाले असते, हे आमच्या घरात आजही कोणी मोठ्याने बोलत नाही.

येथे कायद्याची थोडी माहिती आपणांस दिली पाहिजे. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा आहे. त्यात प्रथम मुख्यतः हिंदूंस स्थान होते. पुढे १९५६ साली शिखांचा समावेश झाला, आणि बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या माणसाचा हक्क आता कायद्याने मान्य आहे. परंतु आपले पूर्वज कोणत्या जातीत गणले जात होते आणि १० ऑगस्ट १९५० रोजी ते या राज्यातले रहिवासी होते की नाही, हे कागदानेच दाखवावे लागते. महाराष्ट्रात जातप्रमाणपत्राची पडताळणी २००० सालच्या कायद्याखाली होते. त्या पडताळणीत १९५० पूर्वीच्या नोंदीस सर्वांत अधिक वजन असते, कारण त्या काळी अशी जात सांगण्यात कोणाचाही लाभ नव्हता. ज्या शब्दाने त्या काळी केवळ अपमान पदरी पडत होता, तोच शब्द आज साक्षीदार म्हणून उभा राहतो. म्हणून नवा कागद आणि जुना कागद, दोन्ही जपा. दीक्षेचे प्रमाणपत्र, नाव बदलले असल्यास शासन राजपत्राचा अंक आणि त्यापूर्वीचा शाळेचा दाखला एकाच पाकिटात ठेवा. त्यांपैकी एकटा कागद अपुरा आहे. तिन्ही मिळून एका माणसाची गोष्ट पुरी होते.

शाळेच्या रजिस्टरातील एका ओळीचे महत्त्व किती, हे बाबासाहेबांच्याच उदाहरणावरून पाहा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारा येथील सरकारी शाळेत ‘भिवा रामजी आंबेडकर’ या नावाने त्यांचा प्रवेश नोंदला गेला. रजिस्टरातील क्रमांक १९१४. ते रजिस्टर त्या शाळेने, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलने, जपले. त्या ओळीमुळेच २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. याच्या उलट त्यांच्या स्वतःच्या हस्तलिखितांची कथा आहे. त्यांच्या निधनानंतर ती वर्षानुवर्षे पेट्यांत बंद राहिली. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली त्यांच्या लेखनाचा पहिला खंड काढिला, तेव्हापासून पुढील खंडांत संपादकांना ठिकठिकाणी ‘येथे पाने गहाळ आहेत’ अशा अर्थाच्या टिपा द्याव्या लागल्या. एवढ्या थोर पुरुषाच्या कागदांची ही गत, मग आपल्या कागदांस कोण विचारतो?

आपणांपैकी काहीजण म्हणतील, आमचा आजा शाळेतच गेला नाही, त्याची नोंद कोठून आणावी? हा प्रश्न खरा आहे आणि आपल्या समाजात तो घरोघरी आहे. परंतु ज्यास शाळेने आत घेतले नाही, त्यास सरकारी दप्तराने सोडलेले नाही. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीस आपण कोतवाल बुक म्हणतो. तीत मूल जन्मले आणि माणूस मेला की बापाचे नाव आणि जात लागत असे. ती वही तहसील कचेरीत शोधावी. जमिनीचे जुने उतारे, फेरफार आणि वतनाचे कागद यांतही आपले पूर्वज सापडतात. महार वतन ही गुलामगिरी होती, आणि ती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणिले होते. जुन्या मुंबई इलाख्याच्या भागात गावची कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली व तो १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. ठरलेली रक्कम भरल्यावर जमीन वतनदारांस पुन्हा देण्यात आली. ती रक्कम भरल्याची चुरगळलेली पावती ज्याच्या पेटीत आहे, त्याने ती आजच शोधून वेगळी ठेवावी. उताऱ्यावर ‘६ ब’ असे लिहिलेल्या जमिनींचे तंटे अद्याप मिटलेले नाहीत. जे मुंबईस आले त्यांच्याकडे गिरणीचे तिकीट, हजेरीचे कार्ड, चाळीच्या खोलीची भाडेपावती असते. कोणी पलटणीत होता, कोणी रेल्वेत. नोकरीचे सेवापुस्तक मिळत असेल तर त्याच्या पहिल्या पानाची प्रत घ्यावी.

हे कागद जमविताना एक अडचण हटकून येते. जुन्या दप्तरात आपल्या पूर्वजांच्या नावापुढे ‘नाक’ लागलेले आढळते. भीमा कोरेगावच्या स्तंभावरही अशी नावे कोरलेली आहेत. वतनाच्या कागदात जो ‘रामनाक’ तोच शाळेत ‘रामचंद्र’ होतो आणि गिरणीत नुसता ‘रामा’. आडनाव कोठे गावावरून, कोठे कुळावरून. अधिकाऱ्यास ही तीन माणसे वाटतात. म्हणून वहीच्या एका पानावर प्रत्येक पूर्वजाची सर्व नावे, आणि कोणते नाव कोणत्या कागदात आले आहे ते, लिहून ठेवावे. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, हेही मुलांस शिकवावे. नाहीतर ती ‘कोम’ हेच पणजीचे नाव समजतील. बरेच जुने कागद मोडीत आहेत. मोडी येत नाही म्हणून कागद टाकून देऊ नये. ती वाचणारे लोक आहेत, आणि शासनाचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्गही चालवितो. आपल्या तरुण मुलामुलींपैकी कोणी ही लिपी शिकला तर तो साऱ्या वस्तीच्या उपयोगी पडेल.

वही दोन भागांत करावी. एका भागात कागदात जे आहे ते, दुसऱ्या भागात वडीलधाऱ्यांनी तोंडाने जे सांगितले ते. आणि कोणी, कोणत्या दिवशी सांगितले याची तारीख. दोहोंची मिसळ करू नये. आजीने सांगितलेले साल आणि दाखल्यावरील साल जुळत नाही, असे पुष्कळदा होते. पूर्वी मास्तर मनास येईल ती जन्मतारीख लिहीत, म्हणून आजी खोटी ठरत नाही. दोन्ही लिहावे आणि पुढे जावे.

आता जतनाविषयी. कागदास प्लॅस्टिकमध्ये गरम करून बंद करणे, ज्यास लॅमिनेशन म्हणतात, ते मूळ कागदास कदापि करू नये. ते पुन्हा उलगडता येत नाही. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांनी तिचा गोंद पिवळा होऊन अक्षरे खातो. टाचण्या काढून टाकाव्यात, कारण त्या गंजतात. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, त्याचा आंबटपणा शेजारच्या कागदास लागतो. कागद घड्या न घालता स्वच्छ पाकिटात आडवे ठेवावेत. छायाचित्राच्या मागे, कडेस, मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत. पेटी जमिनीवर न ठेवता दोन विटांवर, भिंतीपासून दूर ठेवावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईच्या खोल्यांतून खाटेखालची पेटी प्रथम बुडाली. म्हणून पावसाळ्यापूर्वी ती उंचावर चढवावी. पावसाळा संपल्यावर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास, ती उघडावी, कागदांस सावलीत हवा द्यावी, वाळवी पाहावी आणि त्याच वेळी मुलांस एकेक कागद वाचून दाखवावा. वर्षातून एकदा तेवढे पुरे.

मोबाइलवर प्रत्येक कागदाचे छायाचित्र काढावे, दोन्ही बाजूंचे, कारण शिक्का पुष्कळदा मागे असतो. परंतु मोबाइल हरवितो, फुटतो, विकला जातो. तेव्हा तीच छायाचित्रे दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीकडे किंवा भावाकडेही पाठवून ठेवावीत. प्रती वाटाव्यात, मूळ कागद मात्र कोणाच्या हाती सहज देऊ नये. कचेरीत मूळ दाखवून परत आणावा, आणि ठेवून घेतला तर पोच घ्यावी. आपल्यात भाऊबंदकीत कागद अडवून ठेवण्याची वाईट खोड आहे. वंशावळ साऱ्या भावकीची असते. पुतण्यास प्रत नाकारणाऱ्याने उद्या आपल्या नातवास तीच पाळी येईल याचा विचार करावा.

गेल्या वर्षी मी आमच्या घराण्याची वंशावळ वहीत उतरविली आणि मोठ्या समाधानाने चुलतीस दाखविली. सात पिढ्या, सारी नावे सुवाच्य अक्षरात. त्यांनी चष्मा लावून ती पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘बाबा, यात बाया कुठं हायत?’’ मला उत्तर देता आले नाही. मी मुलगे मोजले होते. मग त्यांच्याजवळ बसून आजीचे माहेर, तिच्या बहिणी, दिलेल्या लेकी, लहानपणी गेलेली मुले, असे सारे पुन्हा लिहिले. त्यास चार दिवस लागले. केवळ पणजीचे नाव चुलतीस आठवले नाही. कागदात ती ‘कोम’ शब्दाच्या मागे लपली आहे, आणि जो उतारा मिळाला त्यात मोडीतील तेवढीच जागा शाईने डागाळली आहे. मूळ वही तहसील कचेरीत आहे. ती पाहण्यासाठी मी अर्ज दिला आहे आणि मोडी वाचणारे एक गृहस्थ माझ्याबरोबर येण्यास तयार झाले आहेत. वहीतील ती ओळ मी तूर्त मोकळी ठेविली आहे.