दुधाचा भाव आणि गोठ्याचा हिशेब



ज्वारीचा भाव उतरला तर शेतकरी पोतीं घरांत रचतो आणि चार महिने वाट पाहतो. पूर्वीं पेवें याच कामीं येत. कांदासुद्धां चाळींत कांहीं काळ दम धरतो. दुधाला मात्र ही सोय नाहीं. सकाळची धार सकाळींच संकलन-केंद्रावर गेली पाहिजे, संध्याकाळची संध्याकाळीं. मग त्या दिवशींचा भाव कसाही असो. गाईची धार चुकवावी म्हटलें तर तिची कास सुजते. हा माल धरून ठेवणें उत्पादकाला शक्य नाहीं, हें घेणाऱ्याला पक्कें ठाऊक असतें. दूधधंद्यांतील धोक्याचें मूळ येथें आहे, आणि त्याच्याशीं आपला गोठेवाला कसा झगडतो, याविषयीं आज आपणांशीं बोलावयाचें आहे.

या धोक्यावरचा एक मोठा उपाय गुजराथेंत निघाला. खेडा जिल्ह्यांतील उत्पादकांनीं १९४६ सालीं आणंद येथें आपला सहकारी संघ काढला, आणि पुढें त्यांचें दूध मुंबईला जाऊं लागलें. परंतु म्हशी हिंवाळ्यांत भरपूर दूध देतात व उन्हाळ्यांत आटतात. मुंबईची गरज तर बारा महिने सारखीच. मग हिंवाळ्यांतील जादा दुधाचें करावयाचें काय? म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाहीं, असें परदेशीं तज्ज्ञ सांगत. हरिचंद दलाया यांनीं ती करून दाखविली, आणि १९५५ सालीं आणंदला तिचा कारखाना सुरू झाला. दोन प्रहरांत नासणाऱ्या दुधाला अशा रीतीनें ज्वारीचें आयुष्य लाभलें.

गंमत अशी कीं, तीच भुकटी पुढें नव्या धोक्याची वाट झाली. महाराष्ट्रांत अहिल्यानगर, पुणें, सोलापूर या भागांतील गाईचें दूध मोठ्या प्रमाणावर भुकटी-लोण्याकडे जातें. भुकटीचा भाव दूरच्या बाजारांत पडला कीं त्याची कळ आपल्या गोठ्यांत उठते. २०१८ सालीं तसें झालें. त्या जुलैंत उत्पादकांनीं मुंबईचें दूध अडविलें, आणि गाईच्या दुधाला लिटरमागें २५ रुपये दर देण्याचें सरकारनें जाहीर केल्यावर तें आंदोलन थांबलें. २०२० सालच्या टाळेबंदींत हॉटेलें व मिठाईचीं दुकानें बंद पडलीं आणि पुन्हां तीच कथा. उसाला कायद्यानें ठरविलेला किमान दर असतो; दुधाला तसा नाहीं. शिवाय जाहीर झालेला दर फॅट ३.५ व एस्.एन्.एफ्. ८.५ असलेल्या दुधाचा. त्याखालीं एकेक पॉइंट घसरला कीं पैसे कापले जातात.

आतां साधा हिशेब मांडूं. दहा गाई आहेत आणि मिळून दिवसाला शंभर लिटर दूध देतात, असें समजा. दर ५ रुपयांनीं उतरला तर दिवसाला ५०० आणि महिन्याला १५,००० रुपये गेले. गाईची भूक मात्र एका पेंढीनेंही उतरत नाहीं. गोठ्याच्या खर्चांत निम्म्याहून अधिक वांटा वैरण व पेंडीचा, म्हणून पहिला मोह पेंड तोडण्याचा होतो. तिनें दूध तर घटतेंच. पण गाय वेळेवर माजावर येत नाहीं, गाभण राहणें लांबतें, आणि आजचा तोटा पुढच्या वेतापर्यंत पोहोंचतो. दुसरा मोह कालवड विकण्याचा. हा मला पहिल्याहून घातक वाटतो. आज जन्मलेली कालवड साधारण अडीच-तीन वर्षांनीं धारेला येते. मंदींत कालवडी विकणारा तेजींत रिकाम्या दावणीपुढें उभा असतो. मग कर्ज काढून चढ्या किंमतीच्या गाई आणतो, आणि हप्ते फिटण्यापूर्वींच भाव पुन्हां खालीं येतो.

दुधाचें पेव घालतां येत नाहीं हें खरें. पण वैरणीचें येतें. दाणा चिकांत असतांना मका कापावा, कुट्टी करून खड्ड्यांत घट्ट दाबावा आणि हवा शिरणार नाहीं असा झांकावा. दीड-दोन महिन्यांत मुरघास तयार होतो. वैशाखांत शेजारी महागडा कडबा शोधीत हिंडत असतो, तेव्हां ज्याचा खड्डा भरलेला आहे त्याला पडलेला भावही कांहीं काळ सोसतो. सगळ्या गाई एकाच हंगामांत न वितील अशी आखणी केली, तर पुष्ट काळाच्या गर्दींत सगळें दूध ओतण्याची पाळी येत नाहीं. दावणीला दोन म्हशी असाव्या. त्यांच्या दुधाला फॅटमुळें वेगळा दर मिळतो.

प्रश्न उरतो पैशाचा, कारण खड्डा भरावयाचा तो हात सैल असतांनाच, आणि तेव्हांच नेमका त्याचा विसर पडतो. कोल्हापुराकडे दिवाळीपूर्वीं संघ दुधाच्या दरांतील फरक उत्पादकांना एकरकमी देतो. वर्षभर तो पैसा हातीं नसतो, हें कित्येकांना खटकतें; मला मात्र ही रीत शहाणपणाची वाटते. या रकमेवर घराघरांत वाद होतात, आणि धार काढणाऱ्या घरच्या बाईला त्यांत शेवटीं विचारतात. तिला आधीं विचारावें. मक्याची रब्बी पेरणीही त्याच सुमारास असते. बियाण्याचे पैसे कपड्यांच्या खरेदीपूर्वीं बाजूला काढले, तर तो मका उन्हाळ्याआधीं खड्ड्यांत जातो.