यहुदी स्त्रीची नित्यप्रार्थना : अधिकार, क्रम आणि आरंभ

यहुदी धर्मात रोजच्या तीन प्रार्थना आहेत : सकाळची शाखरित, दुपारची मिन्खा आणि रात्रीची अर्वित. पुरुषांना तिन्ही लागू आहेत. स्त्रियांबाबत शास्त्राचे म्हणणे वेगळे आहे. ठरावीक वेळी करावयाच्या बहुतेक आज्ञांतून ‘मिश्ना’ या प्राचीन विधिसंग्रहाने स्त्रियांना मोकळे ठेवले. ‘शेमा’ या श्रद्धावचनाचे पठण त्यांतच येते. प्रार्थना मात्र त्यांनाही बंधनकारक आहे, असे मिश्ना स्पष्ट सांगते.

ही प्रार्थना किती असावी, याविषयी मतभेद आहेत. धर्मपंडित मायमोनिडीस (११३८–१२०४) यांच्या मते रोज प्रार्थना करणे ही तोरा या मूळ धर्मग्रंथाचीच आज्ञा असून तिचे शब्द, वेळ आणि संख्या तोराने ठरवलेली नाही. स्तुती, याचना आणि आभार एवढे झाले की कर्तव्य पार पडते. नाख्मानिडीस (११९४–१२७०) यांनी नित्यप्रार्थना रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, घालून दिलेली मानली. सतराव्या शतकात पोलंडमधील अव्राहाम गोम्बिनर यांनी, बहुतेक स्त्रिया सकाळी हात धुतल्यावर एखादी छोटी याचना करतात, या रिवाजाला मायमोनिडीसांच्या मताचा आधार दाखवला. पुढे ‘मिश्ना बेरुरा’ या विधिग्रंथाने शाखरित आणि मिन्खा या दोन्ही वेळी ‘अमिदा’ ही उभ्याने करायची मुख्य प्रार्थना स्त्रियांनी म्हणावी असा निर्णय दिला. विसाव्या शतकात सेफार्दी परंपरेचे रब्बी ओवादिया योसेफ यांनी दिवसातून एक अमिदा पुरेशी ठरवली.

त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्या स्त्रीला पायरीपायरीने जाता येते. जाग येताच ‘मोदा आनी’ हे आभाराचे वाक्य म्हणतात. पुरुष ‘मोदे’ म्हणतो, स्त्री ‘मोदा’. त्यात देवाचे नाव नसल्याने ते हात धुण्याआधीही चालते. मग पेल्याने दोन्ही हातांवर पाणी घालून सकाळचे आशीर्वाद म्हणतात. शेमा बंधनकारक नसला, तरी एकेश्वरत्वाचा स्वीकार म्हणून तो म्हणणे उत्तम मानतात. शेवटी अमिदा : पाय जुळवून, जेरुसलेमकडे तोंड करून, स्वतःला ऐकू येईल एवढ्याच आवाजात. तिच्यात कामाच्या दिवशी १९ आणि शब्बाथला (शनिवारी) ७ आशीर्वाद असतात. ओठ हलावेत पण आवाज बाहेर जाऊ नये, हा नियम तालमुद या धर्मग्रंथाने शमुवेलाची आई हन्ना हिच्या प्रार्थनेवरून काढला. म्हणजे साऱ्या समाजाच्या प्रार्थनेचा नमुना एका स्त्रीने घालून दिला आहे.

भाषेची अडचण शास्त्राने आधीच दूर केली आहे : शेमा आणि अमिदा कोणत्याही भाषेत म्हणता येतात, असे मिश्ना सांगते. पूर्व युरोपातील स्त्रियांसाठी यिडिशमध्ये ‘त्खिने’ नावाच्या प्रार्थना छापल्या गेल्या, तर फॅनी नॉयडा यांचे स्त्रियांसाठीचे जर्मन प्रार्थनापुस्तक १८५५ मध्ये निघाले. भारतातही ही परंपरा टिकली : कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजाने इतर यहुद्यांशी संपर्क तुटलेला असतानाही शेमा जपला. याच समाजातील एक स्त्री, डॉ. जेरुशा झिराड, यांनी १९२५ मध्ये मुंबईत ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ ही उदारमतवादी उपासक-संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला.

सारांश, रोज म्हणता येईल एवढाच भाग आधी धरावा, तो अंगवळणी पडल्यावर पुढचा जोडावा. मन एकाग्र करून केलेली थोडी प्रार्थना लक्ष नसताना केलेल्या पुष्कळ प्रार्थनेपेक्षा बरी, असा ‘शुल्खान आरुख’ या विधिसंहितेचाही निर्वाळा आहे.