गादीची परीक्षा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. पण माझ्या हातून झालेली एक चूक सांगितली, तर एखाद्या घरी उपयोग होईल, म्हणून उभी राहिले आहे.

सासूबाई पडल्या, पाठीच्या कण्याला मार लागला आणि पाय लुळे झाले. घरात चाकांची खुर्ची आली. तिच्यावर घालायला मी हौसेने कापसाची मऊ गादी शिवली. महिन्याभरात सासूबाईंच्या बैठकीवर लाल चट्टा उठला. तेथे त्यांना काही जाणवतच नसे, त्यामुळे कळायला उशीर झाला आणि जखम झाली. मग मी मध्ये भोक असलेली रबरी चकती आणली. परिचारिकाबाई म्हणाल्या, "अहो, हिच्या कडांनी रक्त उलट अडते. आधी काढा ती!"

मऊ ते सुरक्षित, हा माझा समज तेव्हा गेला. गादी दबून तळाला टेकली, की सारा भार बसण्याच्या दोन हाडांवर येतो व तेथील कातडीला रक्त मिळत नाही. म्हणून अशा गाद्यांच्या परीक्षेसाठी आंतरराष्ट्रीय मानके आहेत. आय.एस.ओ. १६८४० च्या दुसऱ्या भागाप्रमाणे बैठकीच्या आकाराचा साचा भार देऊन गादीवर दाबतात. ती किती खोल दबते, भार काढल्यावर किती पूर्ववत् होते, हे मोजतात. त्याच मानकाचा १० वा भाग गादी पेट घेते का, ते पाहतो. देवापुढच्या समईजवळ खुर्ची नेताना हे आठवावे. विकत घेताना दुकानदाराला या परीक्षांविषयी अवश्य विचारा.

पण यंत्र गादीची परीक्षा करते. आपल्या माणसाला ती मानवते का, हे घरीच पाहावे लागते. माणूस बसलेले असताना गादीखाली तळवा वर करून हात घाला. हाड हाताला टेकले, तर ती गादी निकामी. हाडाखाली निदान इंचभर जाडी उरली पाहिजे. सकाळ-संध्याकाळ कातडी पाहा. सावळ्या वर्णावर लाली लपते, तेव्हा गरम किंवा टणक लागणारी जागा चाचपून शोधा. डाग दाबूनही फिका होत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणि गादी कितीही उत्तम असो, दर १५ ते ३० मिनिटांनी बैठकीवरचा भार हलवा.

सासूबाईंची जखम भरायला पाच महिने लागले. त्या मला रागे भरल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "सूनबाई, ती गादी टाकू नकोस. उशाला घे." ती आजही माझ्या उशाला आहे.

आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी खुर्ची असेल, तर आज घरी गेल्यावर आधी गादीखाली हात घालून पाहा. इतके सांगून मी आपली रजा घेते.